कौशल्याच्या रकान्यातला निरंक

मित्रांनो, माझ्या अंगावर काय कोरलंय ते तुम्हाला चटकन वाचता येणार नाही, कारण मी जन्मतःच उलटा आहे. मी एक जुना रबरी शिक्का. कागदावर पडलो की मात्र सुलट उमटतो : 'निरंक'. म्हणजे काही नाही. मला कोरणारा कारागीर श्वास रोखून, डोळे बारीक करून बसला होता. 'काही नाही' एवढंच म्हणायला केवढे ते कष्ट!

नगरपालिकेतल्या एका वयस्कर कारकुनांच्या टेबलावर मला जागा मिळाली. गहाळ फायली? निरंक. प्रलंबित तक्रारी? त्याही निरंक. त्यांची बोटं आखडायची, म्हणून लिहिण्याचं काम माझ्यावर. "माझी निम्मी नोकरी यानंच केली," असं ते कौतुकानं सांगत. संध्याकाळी मला रुमालानं पुसून डबीत निजवत. एवढी माया मला पुढे कुणी लावली नाही.

त्यांच्यात खोड एकच. उजव्या बाहीचं काज, म्हणजे बटण अडकवायचं भोक, उसवलेलं होतं. बटण टिकायचं नाही, कफ शाईत लोळायचा आणि माझ्या प्रत्येक ठशाशेजारी एक निळा फराटा उठायचा.

त्या वर्षी शर्टांचा कारखाना बंद पडला. पालिकेनं 'रोजगारवृद्धी व मनुष्यबळ कौशल्यविकास आराखडा' केला. नाव इतकं लांब, की फायलीच्या पाठीवर मावेना. योजना साधी होती. ज्याच्याकडे कौशल्य, त्याला नव्या शिवणवर्गात शिकवायची नोकरी. ज्याच्याकडे नाही, त्यानं तीन महिने शिकायला बसायचं. फक्त कौशल्य म्हणजे प्रमाणपत्र, असं कुणीतरी धरून चाललं होतं. प्रमाणपत्र नाही? अर्जातल्या कौशल्याच्या रकान्यात ठप्प! अकरा दिवस मी असा राबलो. अभिमान वाटत होता, लपवत नाही.

शेवटच्या दिवशी एक बाई आली. कारखाना बंद पडल्यापासून सात महिने घरी होती. नोकरीची गरज तिला होती, पण बोलायला सोबत सासू होती.

"प्रमाणपत्र?" कारकुनांनी विचारलं.

"नाही," सून पुटपुटली.

"अहो, एकोणीस वर्षं काज करतेय ती!" सासू म्हणाली.

"कामकाज सगळेच करतात, मावशी. नेमकं काय ते सांगा."

"मावशी कुणाला म्हणता? वयानं तुम्हीच पुढे असाल. आणि कामकाज नव्हे हो, काज! शर्टाला पाडतात ते!"

"भोक पाडणं यादीत नाही." त्यांनी मला शाईत बुडवून उचललं. "काळजी नको. वर्गात पहिला महिना सुईत दोरा ओवायलाच शिकवतात."

रांग हसली. सुनेनं मान खाली घातली आणि खाली घातलेल्या नजरेला तो कफ दिसला.

"साहेब, हात असाच वर धरा," ती म्हणाली. "हलू नका."

पर्समधून सुई निघाली. दोरा एका दमात ओवला गेला. कारकून हात वर करून बसले, मी त्यांच्या मुठीत अधांतरी. टाक्याला टाका लागून बसत होता, सगळे एका मापाचे. मी आयुष्यभर उसवलेल्या बाहीतून जग पाहिलं होतं. हसणारी रांग आता पुढे वाकून बघत होती.

"लावून बघा बटण," ती म्हणाली.

बटण बसलं. कारकुनांनी मनगट झटकलं, पुन्हा झटकलं. बटण हललं नाही. मग त्यांनी मला खाली ठेवलं, न उमटवता. आखडलेल्या बोटांनी पेन धरून रकान्यात लिहिलं : 'काजं. हातानं. उत्तम. स्वतः पाहिलं.'

"शिकवणार ना?" त्यांनी विचारलं.

"शिकवेल की!" सासू म्हणाली. "मला गेली एकोणीस वर्षं शिकवतेच आहे."

पुढच्या माणसाला त्यांनी प्रमाणपत्र विचारलंच नाही. "हातानं काय करता?" एवढंच विचारलं. मग मागच्या अकरा दिवसांचे अर्जही गठ्ठ्यातून काढले आणि एकेकाला परत बोलावलं. बोटं दुखत होती, तरी लिहीत राहिले. मला थोडा राग आला होता. खोटं कशाला बोलू?

ते निवृत्त झाले आणि मी खणात गेलो. रबर वाळलं, तडकलं. परवा नव्या कारकूनबाईंनी मला काढून कोऱ्या कागदावर दाबलं. पहिलं अक्षर गळून गेलेलं. उमटलं फक्त 'रंक'.

"अगं बाई, हा तर माणसाला भिकारी म्हणतोय!" त्या म्हणाल्या.

तेव्हा कळलं, त्या अकरा दिवसांत रांगेतल्या माणसांना काय ऐकू येत असेल.

मित्रांनो, आम्ही वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' असं म्हणतो. मी नाही म्हणणार. मला खुशाल टाकून द्या. फक्त कुणाच्या नावापुढे 'काही नाही' लिहायची वेळ आली, तर हात तसाच वर धरा. हलू नका. समोरच्याला दोरा ओवू द्या.