टाचणीवरचा दवाखाना

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. हसू नका, गल्लीतल्या तऱ्हेवाईक माणसाला म्हणतात तसला नव्हे. प्लायवूड, थर्मोकोल आणि पुठ्ठ्याचा, काचेच्या पेटीत बसलेला, एका विशेष आर्थिक क्षेत्राचा नमुना. परदेशी कारखानदारांनी यावं, पैसा गुंतवावा, म्हणून उघड्या माळावर जे जे उभं राहणार होतं, ते माझ्या अंगावर आधीच उभं होतं.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. सहापदरी रस्ता, बारा कारखाने, मोठं फाटक, काडेपेटीतल्या काड्यांचे विजेचे खांब. माझे दिवे लागले की खिडकीबाहेरचे पक्षी उजाडलं समजून कलकलाट करायचे. आरशाच्या तुकड्याचं माझं तळं तर इतकं हुबेहूब, की एका पाहुण्याने जवळ येताना बूट काढून हातात घेतले. खरंच सांगतो. खोटं बोलणं हे माझ्या मालकांचं काम. माझं काम नुसतं दिसण्याचं.

सगळ्यात शेवटी उरला दवाखाना. पांढरा, काडेपेटीएवढा. सुतार गोंद लावणार, तोच प्रकल्पाचे मोठे साहेब म्हणाले, "याला गोंद नको. टाचणीवर बसवा."

"हलेल की हो साहेब."

"हलू दे. तुम्ही बसवा."

सुताराने मान हलवत टाचणी खोचली. मी मात्र हुरळून गेलो. दवाखाना नाजूक, म्हणून त्याची खास बडदास्त, असं मला वाटलं.

मग जमीनवाले मला बघायला आले. सगळ्यांनी जमिनीच्या कागदांवर सह्या केल्या, रोपवाटिकेच्या मावशी तेवढ्या अडून बसल्या. माझं फाटक नेमकं त्यांच्या रोपांवर येत होतं. त्यांच्या नवऱ्याला दमा, आणि दवाखाना बसने दोन तासांवर. साहेबांनी काचेवर बोट टेकवलं. "हा बघा मावशी, तुमच्या दारातच."

मावशींनी काचेला नाक लावलं. "रविवारी उघडा असेल?"

"रविवारीसुद्धा."

"आणि ते वाफ द्यायचं मशीन?"

"एक सोडून दोन."

मित्रांनो, मी इतका भोळा, की मला त्या काडेपेटीत दोन्ही मशीनं दिसलीसुद्धा. मावशींनी सही केली.

पुढच्याच आठवड्यात परदेशी पाहुणे यायचे होते. साहेबांनी पेटी उघडली, दवाखाना चिमटीत धरून उपटला आणि टेबलाच्या खणात टाकला. त्या जागी हेलिकॉप्टर उतरायची गोल चकती बसवली. पाहुणे खूश होऊन गेले. गावकरी आले की चकती खणात, दवाखाना माझ्या अंगावर. असं चार वर्षं चाललं. टाचणीचं भोक मोठं होत गेलं, आणि मला उशिरा का होईना उमगलं: गोंद लावलेलं काहीच कधी हललं नव्हतं.

बाहेर माळावरही गोंदाचं तेवढंच उभं राहिलं. रस्ता झाला, कारखाने झाले, रोपवाटिकेच्या जागी फाटक झालं.

एका दुपारी मावशी आल्या. नवऱ्याला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं होतं. त्याच्या छातीची शिट्टी आतपर्यंत ऐकू येत होती. त्यांनी माझ्यात वाकून पाहिलं. चकती.

"साहेब, दवाखाना कुठाय?"

"मावशी, हा नमुना आहे. नमुन्यात थोडं इकडचं तिकडे होतंच."

"फाटक बरं नाही झालं इकडचं तिकडे."

साहेब फायलीत बघू लागले. शिपायाला राहवलं नाही, त्याने गुपचूप खण उघडला. मावशींनी दवाखाना उचलला, तशी टाचणी बोटात घुसली. त्यांनी दवाखाना उलटा करून पाहिला.

"टाचणीवर होता होय," एवढंच म्हणाल्या.

पेटीचं झाकण उचलून त्यांनी दवाखाना माझ्या फाटकात आडवा ठेवला, नवऱ्याला हाताला धरून उठवलं आणि बसथांब्याकडे गेल्या. ते वेळेत पोचले का, मला ठाऊक नाही. नमुन्याला कोण सांगणार?

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. तिसऱ्या नंबरच्या कारखान्यात मुंग्या तीन पाळ्यांत राबतात. दवाखाना अजून फाटकातच आडवा आहे.

मित्रांनो, माझी काच पुसू नका, मला परत हॉलमध्ये नेऊ नका. एवढंच करा: कुणी तुम्हाला माझ्यासारखा झगमगता नमुना दाखवला, तर आधी झाकण उघडायला लावा आणि एकेका घराला बोट लावून बघा. जे हलेल, त्याच्या भरवशावर सही करू नका.