मोजणीवाली सून

पिशोरात तात्यासाहेबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की सून विद्यापीठात मोजणीला आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. अणूच्या गाभ्यात धावणारा कण दुसऱ्या कणावर आदळण्याआधी किती अंतर जातो, हे त्यांची सून अपेक्षा कैक वर्षं मोजत होती. सासऱ्यांना तिनं ते समजावलंही होतं. त्यांनी त्यातलं 'अंतर' आणि 'मोजते' एवढंच उचललं.

पीएचडीच्या तोंडी परीक्षेला ते आले, तेव्हा सोबत सूर्यभानही होता. सूर्यभान म्हणजे बांधाला बांध लागलेला शेजारी. बांध कुणी कोरला यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. जीपमध्येही मधे तिसरा माणूस बसवून आले होते. घरचीच मोजणीवाली आहे, ती निकाल लावील, असा निरोप तात्यासाहेबांनी त्याला धाडला होता. हे सासूबाईंनी तिला सकाळीच फोनवर सांगितलं होतं.

परीक्षा बरी चालली. परीक्षकांचं समाधान झाल्यावर अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही शंका? एरवी कुणालाच नसते. सूर्यभान उभा राहिला.

"सूनबाई, मोजून शेवटी भरलं किती?"

हॉलमध्ये खसखस पिकली. अपेक्षानं घसा साफ केला.

"काका, एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग करायचे. त्यातले चार."

सूर्यभाननं तात्यासाहेबांकडं पाहिलं. तात्यासाहेब पंख्याकडं पाहत होते.

"अन् चूक किती निघंल?"

"दहा टक्के. इकडं नाहीतर तिकडं."

परीक्षकांनी कौतुकानं मान डोलावली. सूर्यभान मात्र मटकन खाली बसला आणि अबोला विसरून थेट तात्यासाहेबांनाच म्हणाला, "एवढ्याशाला इतकी वर्षं लागली. आपल्या बांधाला तर नातवंडं म्हातारी व्हतील."

अपेक्षाला डॉक्टरेट जाहीर झाली, तेव्हा दोघे हॉलमध्ये नव्हतेच. पेढे घेऊन ती बाहेर आली, तर ते कडुनिंबाखाली उकिडवे बसलेले. तात्यासाहेब काडीनं मातीत रेघ ओढायचे, सूर्यभान ती पुसून वीतभर सरकवायचा. मग एक रेघ बराच वेळ कुणीच पुसली नाही.

तिला पाहून तात्यासाहेब म्हणाले, "पोरी, तू यात पडू नको. आमचं जमतंय."

तिनं पेढ्यांचा बॉक्स पुढं धरला. सूर्यभाननं दोन उचलले.