लीलाच्या केसांची कढई

मी कढई बोलते आहे. लोखंडाची, ठोकून केलेली, दोन कानांची. एडिनबरातल्या एका स्वयंपाकघरात माझी सत्तेचाळीस वर्षं गेली. आपण कधी तोंड उघडू असं वाटलं नव्हतं. पण या घरात आता एकच माणूस उरलाय आणि तो कुणाशी बोलत नाही, तेव्हा मीच सांगते.

नागपूरला इतवारीतल्या एका दुकानात मी टांगलेली होते. लीलाच्या आईनं तीन कढया बोटांनी वाजवून पाहिल्या आणि मला घेतलं. लीलाचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा, डॉक्टर पद्माकर, भूलतज्ज्ञ. त्याला एडिनबराच्या हॉस्पिटलात नोकरी लागलेली. दोन साड्यांत गुंडाळून लीलानं मला सुटकेसमध्ये घातलं आणि या थंड गावात आणलं.

पहिली वीस वर्षं मी गार अशी कधी पडलेच नाही. पाटवड्यांचा रस्सा, वांग्याची भाजी, मुलीच्या वाढदिवसाला भजी. मुलगी इरावती, इथंच जन्मली, इथंच वाढली, आता केंब्रिजला संशोधन करते. पुढं घरात इंडक्शनची शेगडी आली. माझं बूड गोल, त्या काचेवर मी टेकेना. मग माझ्यात कांदे ठेवायला लागले. खिडकीशेजारच्या ओट्यावर कांद्यांखाली मी गंजत पडले, आणि तिथूनच पुढचं सगळं पाहिलं.

लीलाला डिमेन्शिया झाला. सुरुवातीला तिला स्वतःलाच कळायचं. एकदा कांदा घ्यायला माझ्यापाशी आली आणि कांदा हातात धरून नुसतीच उभी राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, माझं काही खरं नाही. पण मला कुठं नेऊन ठेवू नका हं. मला हे घर पाहिजे."

"नाही ठेवणार," पद्माकर म्हणाले. त्यांनी कांदा तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच चिरला.

दोन वर्षं तसं निभलं. मग एका नोव्हेंबरात ते झालं. इथं त्या दिवसांत पावणेचारलाच अंधारून येतं. पद्माकरांनी दिवा लावला, आणि खिडकीच्या काचेचा आरसा झाला. लीला किंचाळली.

"अहो, ही म्हातारी कोण? बाहेर उभी आहे बघा!"

"अगं, तूच ती. काचेत दिसतेयस."

"मी? माझे केस असे आहेत?" तिनं वेणी पुढं घेतली. लांब, जाड वेणी, पण आता कापसासारखी पांढरी. ती तिनं साप झटकावा तशी झटकली. "हे माझं नाही. कुणीतरी चिकटवलंय माझ्या डोक्याला. काढा, काढा हो!"

आणि ती ओढायला लागली. तिच्या मुठीत केसांचे झुबके आले तेव्हा पद्माकरांनी तिचे दोन्ही हात धरले. ती त्यांना चावली.

त्यांनी आरशांवर चादरी टाकल्या. दुपारी दोनपासून पडदे ओढले. पण वेणी कशी झाकणार? कापू म्हणाले, तर कात्री बघूनच ती घर डोक्यावर घ्यायची. आंघोळ बंद झाली, कारण ती म्हातारी नळाच्या चकचकीत स्टीलमध्येसुद्धा दिसायची. जेवण कमी झालं. टाळूवर एके ठिकाणी पैशाएवढी जागा उघडी पडली. कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची बाई आली, वही काढून बसली आणि गोड आवाजात म्हणाली की हे घरी सांभाळणं आता सेफ राहिलेलं नाही. पुढच्या सोमवारी असेसमेंट करू, मग केअर होमचं ठरवू.

सोमवार चार दिवसांवर होता. पद्माकर त्याच दुपारी दुकानातून केसांच्या काळ्या रंगाचा डबा घेऊन आले, पण लीला तीन दिवस डोक्याला हात लावू देईना. रविवारी एकदाची शांत बसली. डब्यातला कागद त्यांनी माझ्याशेजारी ठेवूनच वाचला. आधी कानामागे थोडासा लावून अठ्ठेचाळीस तास थांबा, असं त्यावर लिहिलं होतं. ते दोनदा वाचून त्यांनी कागदाची घडी केली. अठ्ठेचाळीस तास कुठून आणणार होते?

पहिल्या तासात केस काळे झाले आणि लीला हसली. संध्याकाळपर्यंत कपाळ सुजलं. रात्री डोळे सुजून मिटले ते उघडेनात. ॲम्ब्युलन्स आली.

हॉस्पिटलात काय झालं ते मला नंतर कळलं. पद्माकर देविकाला सांगत होते. देविका म्हणजे सकाळी लीलाला सावरायला येणारी केअरर, अमरावतीची मुलगी.

"माझ्या इरावतीहून लहान डॉक्टर होती गं," पद्माकर म्हणाले. "तिनं विचारलं, 'आधी थोडासा लावून पॅच टेस्ट केली होती का?' चाळीस वर्षं मी प्रत्येक पेशंटला विचारत आलो, कशाची ॲलर्जी आहे का म्हणून. एकदाही विसरलो नाही. आणि घरच्या माणसाला…" ते चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले.

देविकानं चहा केला. मग म्हणाली, "काका, माझी मावशी पार्लर चालवते. केमिकल सोसत नसलं की ती प्युअर मेंदी लावते आणि त्यावर इंडिगो, म्हणजे निळीच्या पानांची पावडर. केस तुटत नाहीत, उलट धरून राहतात. पण पाकिटावर 'ब्लॅक मेंदी' लिहिलेलं असलं तर हात लावू नका. त्यात तेच केमिकल असतं ज्यानं काकूंना झालं."

"तू लावून देशील?"

"मला परमिशन नाही ना, काका. एजन्सीला कळलं तर माझा व्हिसा जाईल." तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. "भिजवायला ही कढई छान आहे बघा. लोखंडात रंग गडद येतो म्हणते मावशी."

कांदे निघाले. पद्माकरांनी मला घासलं, चाळीस मिनिटं. शर्टाच्या बाह्या वर करून, ओठ घट्ट दाबून, जणू गंज नव्हे तर स्वतःचा अपराधच खरवडत होते.

सूज उतरेपर्यंत, टाळू भरेपर्यंत सहा आठवडे त्यांनी काही लावलं नाही. असेसमेंट पुढं ढकललं गेलं होतं, तेवढीच सवड. हॉस्पिटलात पुन्हा पुन्हा धुऊन तो रंग उतरवला होता, केस परत पांढरे झाले होते; म्हणून लीलाच्या डोक्याला त्यांनी काळा रुमाल बांधून ठेवला. तिच्या कंगव्यातले पांढरे केस गोळा करून त्यांनी आधी त्यांच्यावरच प्रयोग केले. मेंदी किती वेळ, इंडिगो किती, सगळं फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं. मग दोन्हींचा एकेक ठिपका तिच्या कानामागे. या वेळी दोन दिवस थांबले. दर तासाला चष्मा लावून बघत होते.

मग तो दिवस. सकाळी माझ्यात मेंदी कोमट पाण्यात भिजली. दुपारी त्यांनी लीलाला ओट्यापाशी खुर्चीत बसवलं, कपाळाच्या कडेनं व्हॅसलीन लावलं आणि भांग पाडून पाडून, बट वेगळी करून, ती थंडगार मेंदी लावायला घेतली. ऑपरेशन टेबलापाशी बसावं तसा त्यांचा हात स्थिर होता. लीला गुणगुणत होती.

दोन तासांनी धुतल्यावर केस निघाले नारिंगी. लीलानं वेणी बघितली आणि त्यांच्याकडं संशयानं पाहिलं. आधी असंच होतं हे त्यांना ठाऊक होतं, तरी फ्रिजवरचा कागद त्यांनी पुन्हा वाचला. इंडिगो चिमूटभर मीठ घालून भिजवली, ती लगेच लावावी लागते. तासाभरानं धुतली तर आता हिरवट! दोन दिवस हवा लागल्यावर काळा रंग चढतो, असं देविकानं बजावलं होतं. ते दोन दिवस पुन्हा रुमाल. शॅम्पू नाही, गरम पाणी नाही. पद्माकर धड जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पावणेचारला त्यांनी रुमाल सोडला, दिवा लावला आणि स्वतःच्या हातानं पडदा उघडला.

लीला काचेजवळ गेली. मग काचेला बोटं लावली.

"आले बाई मी," ती म्हणाली. "कधीची हरवले होते."

पद्माकर ओट्याला टेकून उभे होते. त्यांनी माझा कान धरून मला जवळ ओढलं, आणि मी ओट्यावर खडखडले.

तो हिवाळा चांगला गेला. कौन्सिलची बाई येऊन गेली, आंघोळ झालेली, जेवलेली लीला बघून वही मिटून गेली. दर तीन आठवड्यांनी मी ओट्यावर यायचे. आता सगळ्या केसांना नाही, फक्त मुळाशी पांढरं दिसेल तेवढ्यालाच. लांबीला पुन्हा पुन्हा लावून केस कोरडे का करायचे, असं ते म्हणायचे.

पण आजार कुठं थांबतो! उन्हाळ्यात एक दिवस ती जेवता जेवता म्हणाली, "तुम्ही आता जा. माझे मिस्टर यायच्या वेळी परक्या माणसानं घरात बसलेलं बरं दिसत नाही."

"लीला, मीच आहे गं."

"छे! ते तरुण आहेत."

त्या दिवशी पद्माकर बागेत बसून राहिले, आणि ती आतून त्यांचीच वाट बघत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेंदी दुप्पट भिजवली. शहात्तर वर्षांचा तो माणूस, ज्यानं आयुष्यात डोक्याला खोबरेल सोडून काही लावलं नाही, बेसिनवर वाकून मेंदी थापत होता. भुवयांनासुद्धा लावली, मग वरून इंडिगो. दोन दिवसांनी तो घराबाहेर गेला आणि बेल वाजवून आत आला.

"आज लवकर सुटलात?" लीला म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "आज ऑपरेशन लवकर संपलं."

मग रोज दुपारी चारला ते कोट घालून बाहेर जायचे आणि बेल वाजवायचे. पावसात, गारठ्यात. कधी ती ओळखायची, कधी नाही. न ओळखलं तर पाच मिनिटांनी पुन्हा जायचे. एकदा मी अकरा वेळा बेल मोजली.

इरावती आली तेव्हा वडिलांचे काळे केस बघून दारातच थबकली. "बाबा, हे काय केला तुम्ही?" तिचं मराठी असंच. "You need help, बाबा. तुम्ही थकलाय. आईसाठी एक चांगला जागा बघू या."

"मी तिला शब्द दिलाय."

"तिला तो शब्द आठवत नाही, बाबा."

"मला आठवतो ना!"

आणि मग ते झालं जे सांगताना माझं लोखंडसुद्धा गार पडतं. फेब्रुवारीत, टबाशी वाकवून ते तिच्या डोक्यावरची इंडिगो धूत होते. काळंनिळं पाणी फरशीवर सांडलं. मी दाराशी स्टुलावर होते. लीला एकदम उठली, "आई आली," म्हणाली, आणि पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. ओल्या फरशीवर तिचं डोकं मांडीवर घेऊन पद्माकर बसले होते, आणि त्यांचे निळे हात तिच्या गालांवर उमटत होते.

हॉस्पिटलातून तिला परत घरी पाठवलंच नाही. तिथूनच केअर होम.

"केसांसाठी, बाबा?" इरावती रडत म्हणाली. "फक्त केसासाठी?"

"केसांसाठी नाही गं," एवढंच ते म्हणाले.

दोन महिने ते होमच्या मॅनेजरच्या मागे लागले. तिथं शॅम्पूनं डोकं धुतात, मुळाशी पांढरं दिसायला लागलंय, ती घाबरेल, केस उपटेल. शेवटी फॉर्म भरून, सह्या करून, नर्स समोर असेल या अटीवर परवानगी मिळाली. मी मेंदीनं भरून, फॉइल झाकून, पिशवीत बसून, त्यांच्या मांडीवर बसनं गेले.

लीला खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होती. बाहेर पावसानं अंधारून आलं होतं. काचेत ती दिसत होती, दोन बोटं पांढरी, खाली काळी.

"लीला, रंग लावू या?" पद्माकर घाईनं म्हणाले. "पांढरे झालेत बघ. घाबरू नकोस, मी आलोय."

लीलानं काचेकडं बघितलं आणि हसली. काचेतलीही हसली.

"त्या आजी चांगल्या आहेत," ती म्हणाली. "रोज येतात. त्यांना असंच राहू द्या."

"आणि मी? मी कोण?"

तिनं त्यांच्या काळ्या केसांकडं नम्रपणे पाहिलं. पाहुण्याला द्यावी तशी शेजारची खुर्ची हातानं दाखवली.

ज्या भीतीशी ते दीड वर्ष झुंजले, ती गेली होती. आणि तिच्याबरोबर लीलाही गेली होती. पांढऱ्या केसांना ती भीत होती, तोवर आपण कोण हे तिला कुठंतरी ठाऊक होतं. हे मला कळलं, म्हणजे त्यांना नक्कीच कळलं असणार. भरलेली मी, तशीच परत आले.

तरी दर तीन आठवड्यांनी ते माझ्यात मेंदी भिजवतात. आता एकट्यापुरती. शुक्रवारी होममध्ये जायचं असतं; न जाणो, एखाद्या शुक्रवारी ती म्हणेल, "आज लवकर सुटलात?" इरावतीचे फोन येतात, ते उचलत नाहीत. समोरून सगळं काळं होतं. मागं मानेवर त्यांचा हात पोहोचत नाही, आणि तिथं एक पांढरी पट्टी राहते. ती त्यांना दिसत नाही. मला दिसते, ते पाठ फिरवून बेसिनवर वाकतात तेव्हा.

इरावती, तू समजावायला येऊ नकोस. त्यांना सगळं समजलेलं आहे. तू नुसती ये, ब्रश हातात घे, आणि तुझ्या बाबांच्या मानेवर तेवढी मेंदी लावून दे.