वीस फुटांचा पाइप

सुचेताने पाइपचं टोक गरम पाण्यात बुडवून धरलं, आणि ते जरा मऊ पडल्यावर नळाला बसवलेल्या पितळी निप्पलवर चढवायला घेतलं. चढता चढेना. एका हाताने दाबायचं तर दुसऱ्याने नळ धरायला हवा, आणि डावा खांदा तर गेले तीन महिने वर जायचं नावच काढत नव्हता. शेवटी तिने दातओठ खाऊन पाइप रेटला, पकडीने क्लिप आवळली आणि ओट्याला टेकून दम घेतला.

स्वयंपाकघराच्या दारात तिच्या सासूबाई, सरूबाई, उभ्या होत्या. हे सगळं त्या मघापासून बघत होत्या.

"झाला काय तुझा कारखाना?"

"झाला, आई. आता बादली नको की काही नको. इथून नळ सोडला की पाणी थेट टाकीत."

"हरीला हजारदा सांगितलं, बाबा, मासे खायचे असतात, पाळायचे नसतात. रत्नागिरीचा माणूस आणि मासे काचेत ठेवून बघत बसतो. गावात कळलं असतं तर लोक हसले असते."

सुचेता हसली नाही. पूर्वी हसायची. हरिश्चंद्र होता तेव्हा दर रविवारी हेच वाक्य व्हायचं, तो म्हणायचा, "आई, तुझी कढई लांब ठेव हां," आणि मग तिघांचा चहा व्हायचा. सहा महिन्यांपूर्वी तो गेला. टाकी राहिली. हॉलमध्ये तीन फुटांची, लोखंडी स्टँडवर. आत सहा गोल्डफिश, दोन एंजल आणि काचेला चिकटून बसणारा एक काळा सकर. शुक्रवारी टब भरून ठेवायचे, रविवारी सात बादल्या जुनं पाणी काढायचं, सात बादल्या नवीन घालायचं. हे काम आता सुचेता करायची. नवऱ्याची आठवण म्हणून, प्रेमाने करायची असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. रविवार आला की पाणी बदलायचं, सोमवार आला की अंधेरीच्या ऑफिसात जायचं. आत काही हलतच नव्हतं. बायका भेटायला यायच्या, डोळे पुसायच्या, आणि ही त्यांच्यापुढे पोह्यांच्या बशा ठेवायची.

खांदा आखडला तेव्हा बादल्या जमेनात. शांती नगरातल्या हार्डवेअरवाल्याने उपाय सांगितला. "भाभी, बालटी काय को उठाते हो? सिंक के नल को पाइप लगाओ, हॉल तक ले जाओ, बस." त्याने वीस फूट मोजून दिला. वर क्लिप फुकट दिली.

पाइप आजच लावायचा होता, कारण पुढच्या रविवारपासून ती घरात एकटीच असणार होती. अकरा वाजता गुणवंत, तिचा धाकटा दीर, गावाहून येऊन पोचणार होता, आणि संध्याकाळच्या गाडीने आईंना घेऊन जाणार होता. कायमचं. सरूबाईंची बॅग दाराशी उभी होती, वर लोणच्याची रिकामी बरणी बांधलेली. गुणवंतला फोन सुचेतानेच केला होता, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसातून. "आईंना इथे करमत नाही, भावोजी. घेऊन जा." आईंना तिने सांगितलं की भावोजींनीच आग्रह केलाय. आई "बरं" म्हणाल्या आणि बॅग भरायला बसल्या. एका शब्दानेही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर एक वेळ परवडलं असतं.

"मी काय करू ते सांग," सरूबाई म्हणाल्या. "शेवटचा दिवस हाय, हातभार लावते."

खरं तर पाइप एकटीला जमावा म्हणूनच आणला होता. पण हॉलमधून सिंक दिसत नव्हतं, सिंकपासून टाकी दिसत नव्हती. सुचेताने हॉलमधलं टोक टाकीत बुडवून धरलं, तिने सांगितलं तसं सरूबाईंनी नळ सोडला, पाइप पाण्याने भरला. मग त्यांनी नळ बंद करून, क्लिप सैल करून दुसरं टोक निप्पलवरून ओढून काढलं आणि सिंकमध्ये सोडलं. टाकीतलं पाणी उलटं धावत येऊन सिंकमध्ये भदाभदा पडायला लागलं.

"अगो बाई! हे येतं कसं?"

"टाकी उंच आहे ना, आई. आपोआप येतं."

"आणि आम्ही इतके दिवस बादल्या वाहतोय. आमच्यासारखे शहाणे आम्हीच."

अर्धी टाकी उपसून झाली. पाइप पुन्हा नळाला चढला, आणि आता नळ पूर्ण सोडला. सव्वासात वाजले होते. त्यांच्या इमारतीत पिण्याचं पाणी मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी, सकाळी सात ते आठ, आणि तेही फक्त स्वयंपाकघरातल्या नळाला. बाकीच्या नळांना गच्चीवरच्या टाकीतलं बोअरिंगचं, खारट. आज जोर बरा होता. टाकी भरत आली. सुचेता पाइप धरून उभी राहिली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला जरा हलकं वाटलं. चला, जमतंय. एकटीला नाही, पण जमेल काहीतरी करून.

आठला दहा कमी असताना सगळे गोल्डफिश वर आले.

आधी तिला वाटलं, खाणं मागतायत. पण त्यांची तोंडं पाण्याबाहेर येत होती, उघडत होती, मिटत होती, उघडत होती. एक एंजल आडवा झाला. सुचेता बघत राहिली. पाइप हातातच होता, त्यातून पाणी पडतच होतं. हात मागे घ्यावा, नळ बंद करा म्हणून हाक मारावी, एवढं साधं सुचेना.

"भरली काय गो?" आतून आवाज आला.

सरूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी टाकीकडे बघितलं, पाइपातल्या पाण्याखाली ओंजळ धरली आणि नाकाशी नेली.

"अगो, पाण्याला औषध किती हाय! टबातलं कुठाय? परवा भरून ठेवलेलं?"

टब भरलेच नव्हते. पाइप आल्यावर टब कशाला भरायचे, असा परवा विचार झाला होता. टबातल्या पाण्याचा औषधाचा, म्हणजे क्लोरीनचा, वास दोन दिवसांत उडून जायचा. हे हरिश्चंद्रला माहीत होतं, तिला नव्हतं. तिला वाटत होतं, टब म्हणजे फक्त बादल्या भरायची सोय.

मग सत्तरीच्या सरूबाई जे काही धावल्या! सुचेताच्या हातातलं टोक पाण्यात बुडवलं, नळ बंद, पाइप ओढला, सिंकमध्ये टाकला, पाणी पुन्हा खाली जायला लागलं. ओट्यावरचा हंडा उचलला, त्यात परवाचं पाणी होतं, तो टाकीत ओतला. मग कळशी. मग स्टीलचं पिंप तिरकं करून तांब्याने, तांब्यामागून तांब्या. फ्रीजमधल्या बाटल्यासुद्धा त्यांनी सोडल्या नाहीत. घरात प्यायचं जेवढं पाणी होतं तेवढं सगळं त्या माशांच्या डोक्यावर गेलं. शेवटच्या बाटलीपर्यंत आठ वाजून गेले होते आणि पुन्हा सोडलेल्या नळाने फुसफुस करून मान टाकली होती.

आडवा झालेला एंजल गेला. बाकीचे हळूहळू खाली उतरले. सकर तर जागचा हललाच नव्हता, त्याला कशाचंच काही नव्हतं.

सरूबाई ओल्या फरशीवरच बसल्या, पाय पसरून, धापा टाकत. सुचेता अजून तिथेच उभी होती, जिथे मघाशी होती.

"मी नुसती बघत राहिले," ती म्हणाली.

"बस खाली."

"आई, तेव्हाही मी नुसती बघत राहिले होते."

झालं. सहा महिने घशात अडकलेलं बाहेर पडलं. त्या संध्याकाळी हरिश्चंद्र याच टाकीसमोर खुर्चीत बसला होता. एकदम छाती धरली, तोंड उघडलं, आणि सुचेता हातात चहाचा कप घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली, तशीच उभी राहिली. ओरडल्या त्या सरूबाई. दार उघडून शेजारच्या पिंकीला हाक मारली त्या सरूबाईंनी. नंतर त्याबद्दल त्या कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यामुळेच सुचेताला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्या खोकल्या तरी तिला वाटायचं, आता बोलतील. या बाईने एकदाच काय ते बोलून टाकावं, नाहीतर नजरेसमोर राहू नये, म्हणून तर तो फोन.

सरूबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"मी ओरडले," त्या म्हणाल्या. "धावले. सगळा मजला गोळा केला. म्हणून काय वाचला तो?"

सुचेताने नकारार्थी मान हलवली.

"नाय ना वाचला? मग. तू उभी राहिलीस, मी धावले, दोघींच्या हातून गेला. मी रोज मनात म्हणते, सरू, तू आधी त्याची छाती चोळायला हवी होतीस, दाराकडे काय पळालीस. आता मी कुणाला फोन करू, मला घेऊन जा म्हणून?"

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

"आई..."

"गुणवंताला खोटं बोलता येत नाय. लहानपणापासून नाय येत. दुसऱ्याच दिवशी सांगितलंन मला." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तो मेलेला काढ आधी. आणि फरशी पूस, येईल आता तो, घसरून पडेल."

सुचेताने जाळीने एंजल काढला, कागदात गुंडाळला. मग फडकं घेऊन बसली आणि हॉलभर फरशी पुसत गेली. पुसता पुसता तिच्या लक्षात आलं की ती रडतेय. फार नाही. नाकातून पाणी आलं, एवढंच.

गुणवंत अकराला पाच कमी असतानाच आला. चार मजले चढून घामाघूम झाला होता. चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, "वहिनी, आधी पाणी द्या. गाडीत नुसता उकाडा."

ती सवयीने आत गेली. तांब्या घेतला, पिंपाचं झाकण काढलं, पिंप तिरकं केलं. काही नाही. हंडा बघितला, कळशी बघितली. दारी आलेल्या माणसाला आधी पाणी, मग ख्यालीखुशाली. लग्न होऊन आल्यापासून सत्तावीस वर्षं हे कधी चुकलं नव्हतं, हरिश्चंद्र गेला त्या रात्री आलेल्यांनाही कुणीतरी पाणी दिलं होतं. ती रिकामा तांब्या घेऊन हॉलमध्ये परत आली.

"पाणी नाय," सरूबाई म्हणाल्या. "माशांना पाजलं."

"माशांना?" गुणवंत आईकडे आणि वहिनीकडे आळीपाळीने बघायला लागला.

"सगळं. परवापर्यंत थेंब नाय घरात."

"बरं," तो जरा सांभाळून म्हणाला. "मग... तुझी तयारी झालीय ना? बॅग एवढीच?"

सरूबाई बॅगेवरच्या बरणीची दोरी नीट करायला लागल्या, जणू प्रश्न बरणीला विचारला होता.

सुचेताने तांब्या खाली ठेवला, कळशी उचलली आणि उघड्या दारातून बाहेर गेली. सहा महिन्यांत तिने शेजारची बेल वाजवली नव्हती. पिंकीने दार उघडलं आणि बघतच राहिली.

"अरे, भाभी! आइए ना. आंटी का आज गाँव जाना है ना? रास्ते के लिए बॉटल भर दूँ?"

"नहीं," सुचेता म्हणाली. मागे तिच्या घरात बोलणं थांबलं होतं. "देवर आये हैं, उनको पीने के लिए चाहिए. और एक कळशी परसों तक. दोनों के लिए."

पिंकीने कळशी घेतली आणि दारातच थांबली.

"दोनों मतलब?"

"मैं और आई."