वर्षातून दोनदा पाहुणा

दातांच्या डॉक्टरांची शिडाची होडी तशी लहानच, पण एकट्याने आवरण्याजोगी नव्हती. एकाने मागे सुकाणू धरायचं, दुसऱ्याने पुढे शिडाचे दोर सांभाळायचे, आणि वारा फिरला की दोघांनी एकदम वाकून या कडेवरून त्या कडेवर जायचं. क्लबचाही नियम होता की त्या मापाची होडी एकट्याने धक्क्यावरून सोडायची नाही. डॉक्टर क्लबचे चिटणीस. ते नियम मोडणाऱ्यातले नव्हतेच, मोडू पाहणाऱ्यालाही चष्म्यावरून असं बघायचे की तो आपणहून परत फिरायचा.

पूर्वी पुढच्या जागी त्यांची बायको बसायची. ती आजारात गेली आणि त्यानंतर तिचा धाकटा भाऊ येऊ लागला. हा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात लोंबकळत असायचा आणि रविवारी सकाळी दाजींच्या दारात हजर. "मी लोकांना वरखाली करतो, दाजी मला डावीउजवीकडे करतात," असं म्हणून तो धक्क्यावरच्या मंडळींना हसवायचा. क्लबात त्याचं नावच लिफ्टवाला पडलं होतं.

त्याला डॉक्टरांनी क्रू-सभासद करून घेतलं होतं. क्रू म्हणजे होडी ज्याची नाही तो. त्याची वर्गणी पुऱ्या सभासदाच्या पाव हिस्सा, आणि हक्कही त्याच मापाचे. होडीच्या मालकाने त्याच्यासाठी सही करायची, त्याला पोहता येतं याची हमी द्यायची. सभेत त्याला मत नाही. वरच्या मजल्यावरच्या खोलीत मालकाबरोबर असेल तरच बसायचं. लिफ्टवाल्याला याचं काही वाटत नसे. तो खाली होडीपाशीच डबा उघडायचा.

असे चार-पाच वर्षांचे रविवार गेले. दोघं पाण्यावर तासन्‌तास असत, पण बोलणं बेताचंच. "सोड." "ओढ." "वाक." जी गेली तिचा विषय कुणीच काढत नसे. डॉक्टरांना ते पुरायचं. समोर बसलेल्या मेहुण्याची पाठ दिसायची, खांदे थेट बहिणीसारखे, किंचित उतरते. आठवड्यातून एकदा ते खांदे बघितले की पुढचे सहा दिवस लोकांचे दात काढायला डॉक्टर मोकळे.

मग क्लबात नवा खजिनदार आला. माणूस वाईट नव्हता, हिशेबाला पक्का होता. धक्क्याचे खांब कुजले होते आणि दुरुस्तीचा भार होडीवाल्या सभासदांवरच पडत होता. उलट काही चांगले कमावते लोक वर्षानुवर्षं क्रू म्हणूनच राहिले होते, कारण ते स्वस्त पडायचं. खजिनदाराने वार्षिक सभेत ठराव आणला. क्रू म्हणून फक्त तीन वर्षं, पुढे प्रवेशशुल्क भरून पुरा सभासद व्हा, नाहीतर जागा सोडा.

वरच्या खोलीत खुर्च्या भरल्या होत्या. ठराव डॉक्टरांनीच वाचून दाखवला. वाचताना खिडकीतून त्यांना खाली मेहुणा दिसत होता. तो ओलं शीड गवतावर पसरून घडी घालत होता.

"चिटणीससाहेब," खजिनदार जरा आवाज मऊ करून म्हणाला, "मालकाच्या घरच्या माणसाला सूट ठेवायची का? तसं कलम घालता येईल."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. कुणाचा विषय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. एक 'हो' म्हणायचा अवकाश होता. पण आजवर लोकांना नियम शिकवलेला माणूस स्वतःच्या घरावर वेळ आली की नरम पडतो, असं कुणी म्हटलेलं त्यांना चाललं नसतं.

"नको," डॉक्टर म्हणाले. "नियम तो नियम. आपलं-परकं नको."

आणि त्यांनी हात वर केला. मनात हिशेब साधा होता. मेहुण्याचे पैसे आपण भरू, बोभाटा न करता.

खाली येऊन त्यांनी ते सांगितलं. लिफ्टवाल्याने शिडाची घडी तशीच अर्धवट सोडली.

"म्हणजे मी बाद."

"बाद कसला? मी भरतो ना. तू पुरा सभासद होशील, वर येऊन बसशील."

"तुम्ही वर होतात ना, दाजी? तिथे काय बोललात?"

डॉक्टर चष्मा काढून पुसू लागले.

"तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"बोललो," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलत नसत. "सूट नको म्हणालो."

लिफ्टवाला त्यांच्याकडे बघत राहिला. मग एकदम त्याचा आवाज चढला. "तुमच्या नियमांचं तुम्ही लोणचं घाला! मी तुमचा नोकर आहे का, ठेवला तर राहायचं, काढला तर जायचं? पैसे नकोत मला तुमचे." धक्क्यावरचे लोक वळून बघू लागले. त्याने डबा उचलला आणि तो फाटकातून बाहेर पडला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डॉक्टरांनी एक प्राध्यापक क्रू म्हणून घेतला. हा बोलायचा फार. एकदा वारा फिरला, डॉक्टर "वाक" म्हणाले, आणि हा "का?" म्हणाला. शिडाखालचा आडवा दांडा त्याच्या कपाळावर बसला. सात टाके पडले. डॉक्टरांनी त्यानंतर होडी बाहेर काढली नाही.

असे दोनेक महिने गेले आणि मेहुण्याच्या बायकोचा फोन आला. "दाजी, तुमचं दोघांचं काय झालंय ते मला माहीत नाही. पण रविवार उजाडला की हे कपडे करतात आणि दारापर्यंत जाऊन परत येतात. जेवत नाहीत धड. तुम्ही मोठे आहात. तुम्हीच या."

डॉक्टर गेले. दारातच उभं राहून म्हणाले, "पाहुणा म्हणून वर्षातून दोनदा येता येतं. तसा नियम आहे. येतोस का?"

लिफ्टवाल्याला हसू आलं, पण ओठांवरच राहिलं. "नियमाशिवाय तुम्हाला घास तरी उतरतो का हो?" म्हणत त्याने पायात चपला सरकवल्या.

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि वाऱ्याला जोर होता. पाणी शिशासारखं दिसत होतं. धक्का मागे पडला. बऱ्याच दिवसांनी सोबत मिळाल्याने डॉक्टर खुशीत होते, नेहमीपेक्षा जरा पुढेच गेले. एक मोठी लाट कडेवर आदळली, दोघंही भिजले. डॉक्टर हसून काही म्हणणार, तेवढ्यात त्यांची नजर मेहुण्याच्या हातावर गेली. दोर सोडून तो हात होडीच्या काठाला चिकटला होता. बोटं पांढरीफटक पडली होती.

"बरं वाटत नाही का?"

"दाजी, एक सांगू? रागावू नका." तो मागे वळला नाही. "मला पाण्याची भीती वाटते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मला पोहता येत नाही."

डॉक्टरांना आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "अरे, मी हमी दिली होती तुझी!"

"तुम्ही विचारलंत, मी हो म्हणालो. खोटं बोललो." तो थांबला. "ताईने शब्द घेतला होता. हॉस्पिटलात. म्हणाली, मी गेले की हे नियमही विसरतील, एकटेच जातील पाण्यावर. त्यांना एकटं जाऊ देऊ नकोस."

वारा सुटला होता, शीड फडफडत होतं. डॉक्टरांनी सुकाणू नुसतं धरून ठेवलं.

"शनिवारी रात्री तीनतीनदा उठून वारा बघायचो," लिफ्टवाला बोलत राहिला, इतकी वर्षं कोंडलेलं एकदाच बाहेर पडत असल्यासारखा. "तुमचा तो नियम आला ना, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, सुटलो. आणि लगेच माझीच मला लाज वाटली. ताईला काय तोंड दाखवू? म्हणून तुमच्यावर ओरडलो. तुमची चूक नव्हती तेवढी."

डॉक्टरांनी होडी वळवली. धक्क्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, नेहमीचे तीन शब्दही नाहीत. मेहुण्याला उतरताना त्यांनी हात दिला. हात बर्फासारखा गार होता.

राग त्यांना आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं. त्यांना वाटत होतं तो सोबतीला येतो. तो राखणीला येत होता. आणि ती, जिचं नाव दोघांनी कधी काढलं नाही, ती दर रविवारी त्या होडीत होती, फक्त ते एकट्या त्यालाच माहीत होतं. आपण पाठीमागे बसून त्याचे खांदे बघत राहिलो, हात कधी बघितले नाहीत, हे मात्र त्यांना खुपत राहिलं.

पाहुणा म्हणून एक फेरी अजून शिल्लक होती. त्या फेरीचा विषय कुणी काढला नाही. पावसाळ्याच्या आधी डॉक्टरांनी होडी विकली, चिटणीसपदही सोडलं. खजिनदाराने निरोपाच्या भाषणात त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लिफ्टवाला काही रविवार घरी येत राहिला. दोघं समोरासमोर खुर्च्यांवर बसायचे. चहा व्हायचा. पत्ते काढून पाहिले, पण दोघांच्या पत्त्यांत काय रंगत येणार? ताईबद्दल बोलावं असं दोघांच्याही मनात यायचं, पण इतक्या वर्षांच्या न बोलण्याची सवय अंगात मुरलेली. "जोर आहे हं उन्हाला," एक म्हणायचा. "आहे खरा," दुसरा. मग लिफ्टवाला घड्याळ बघायचा. पुढे त्याला रविवारी कामं येऊ लागली, निदान तो तसं सांगायचा. येणं महिन्यावर गेलं, मग सणासमारंभावर.

डॉक्टरांनी रविवारीही दवाखाना उघडायला सुरुवात केली. गर्दी व्हायची. बाकीचे दवाखाने बंद असायचे ना.

असाच एका रविवारी खुर्चीत रोगी आ वासून बसलेला असताना फोन वाजला. मेहुणा होता.

"दाजी, सहज केला. तुम्ही पाण्यावर जात नाही ना आता?"

"नाही."

"कुणाच्या होडीतसुद्धा?"

"नाही रे. सगळं सोडलं."

पलीकडे त्याने श्वास सोडला, लांब. "मग बरं," तो म्हणाला. "मग काही काळजी नाही."

"तू कसा आहेस?" डॉक्टरांनी विचारलं. पण पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली, कुठल्याशा इमारतीत माणसं अडकली होती. "येतो एकदा," म्हणून त्याने फोन ठेवला.

डॉक्टरांनी हात धुतले, मास्क वर चढवला आणि रोग्याला म्हणाले, "अजून थोडं उघडा."