लाल साबणाने धुतलेलं करडू

केरबा हवालदार पेन्शनीत निघून वडूजजवळच्या आपल्या गावी आले, ते लष्करी शिस्त आणि कॅन्टीनच्या लाल साबणाच्या दोन डझन वड्या घेऊनच. घर त्यांचं, पण बावीस वर्षं ते चालवलं हरणाबाईनं. नवऱ्याला काम सांगायची तिला सवयच राहिली नव्हती, आणि हेच हवालदारांना फार लागत होतं.

चौऱ्याहत्तरच्या माघात बाजाराला जाताना तिनं गाभण शेळीवर लक्ष ठेवायला सांगितलं. हवालदार खूश. दुपारी शेळी पोत्यावर व्याली. चिकचिकीत करडू त्यांना बघवेना. शेळीनं चाटायच्या आतच त्यांनी ते उचललं आणि कोमट पाणी करून, साबण लावून असं धुतलं की साहेबाच्या तपासणीला उभं करावं. ओलं पोतं उकिरड्यावर भिरकावलं आणि ऐटीत करडू आईपुढं ठेवलं.

शेळीनं ते हुंगलं आणि ढुशी मारली. पुन्हा ठेवलं, पुन्हा ढुशी. करडू थरथरत ओरडत होतं आणि आई पोतं होतं ती जागा हुंगत आपल्या करडालाच हाका मारत होती.

तासाभरानं हरणाबाई आली. करडू आपल्या नाकाशी नेताच तिच्या ध्यानात आलं. शेळी पोराला वासानं ओळखते, तो तुम्ही धुऊन टाकला, म्हणाली. पोटात चीक गेला नाही तर ते जगायचं नाही. हवालदारांचं तोंड उतरलं. कधी नव्हे ते एक काम मिळालं, त्याचंही त्यांनी मातेरं केलं होतं.

ते तसेच अनवाणी उकिरड्यात शिरले. पोतं आणलं आणि स्वतःच्या हातानं करडाच्या अंगाला चोळलं. हरणाबाईनं शेळीचा थोडा चीक काढून त्याच्या शेपटीला फासला. शेळीनं हुंगलं, थांबली, आणि चाटायला लागली. करडू आचळाला लागलं तेव्हा कुठं हवालदार खाली बसले.

"विजयमाला वर्साची असताना तुमी सुट्टीवर आला," हरणाबाई म्हणाली, "आन् लेक लगीच तुमच्याकडं झेपावली. आठवतंय?"

न आठवायला काय झालं? रक्त रक्ताला ओळखतं, असं त्यांनी साऱ्या पलटणीला ऐकवलं होतं.

"तवा मी तुमच्या खांद्यावर माज्या लुगड्याचा धडपा टाकला हुता."

"वर्दी खराब हू नये म्हनून."

"वर्दीची कुनाला पडली हुती?"

हवालदारांचा हात आपसूक खांद्याकडं गेला. मग त्यांना हसू आलं, आणि डोळेही भरले.

हरणाबाईनं हातावर घालायला पाण्याचा तांब्या आणला, साबण आणला.

"ऱ्हाऊ दे जरा," ते म्हणाले.