पाळकसाहेबांचा डबा

केशव अमोलिक, वय एकाहत्तर, पुलगावमधील एका लहान चर्चचे पाळक, शुक्रवारी दुपारी वेदीच्या कठड्यापाशी गुडघ्यांवर निपचित आढळले. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातील साखर अवघी एकोणतीस भरली. संध्याकाळी ते गेले. त्यांचा जेवणाचा डबा रिकामा होता.

त्यांची पत्नी शरयू ही माझी आत्या. मी वर्ध्यात रक्ततपासणीची प्रयोगशाळा चालवते. मंडळीने मृत्यूचे कारण केव्हाच ठरवले होते: प्रार्थना करता करता देवाने बोलावून घेतले. आत्याने मनाशी वेगळेच कारण धरले होते. दफनानंतर तिने मला स्वयंपाकघरात बोलावले.

"चारू, हिवाळ्यात ती साखरेची नवी गोळी सुरू झाली ना, ती रोज सकाळी मीच द्यायची. त्या दिवशी माझ्या हातून दोनदा गेली का गं? समाधानासाठी काही सांगू नको. ते सांगायला सगळी मंडळी येऊन गेली."

मी गोळ्यांचे पाकीट तपासले. एकही जादा गेली नव्हती. परंतु एक गोळी आणि भरपेट जेवण यांतून एकोणतीस हा आकडा निघत नाही. मी तसे सांगितले. तिला ते पुरले नाही, मलाही नाही.

वेदीवर फुले ठेवणाऱ्या मोहिनीने त्यांना प्रथम पाहिले होते.

"अकराले गेलती मी. पाळकसाहेब कठड्यावर डोकं टेकून होते. प्रार्थनेतल्या माणसाले हात लावते का कोणी? चपला हातात घेऊन मागं फिरली. दोनले परत गेली, तवाही तसेच. मले वाटलं, केवढी भक्ती! लय उशिरानं हाक मारली, त ओ नाही." एवढे बोलून तिने पदर तोंडाला लावला.

चर्चच्या फाटकासमोर सायकलींचे पंक्चर काढणारा तानबा डब्याविषयी विचारताच म्हणाला, "तो त म्या खाल्ला."

"शुक्रवारचा?"

"बुधवारपासून तिन्ही दिवस. म्हणे, तानबा, हे तुह्यासाठी. म्या म्हटलं, घरच्या बाईले समजलं त दोघायलेही झाडू खा लागन. लय हासले. म्हणे, कोणाले सांगू नको." मग तो हातातल्या ट्यूबकडे पाहत राहिला. "भरीत होतं शुक्रवारी. बाई, त्यायचा घास खाल्ला का म्या?"

तो राखेचा बुधवार होता. त्या दिवसापासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. मूत्रपिंडे थकल्यामुळे डॉक्टरांनी यंदा त्यांना उपवासाची सक्त मनाई केली होती.

"ते उपाशी होते," मी आत्याला सांगितले.

"शक्य नाही. मी बजावलं होतं. सकाळचं खाणंही डब्यातच देत होते. गोळी चुकवणार नाही, असा शब्द दिला होता त्यांनी."

"जेवेन, असा दिला होता?"

तिने कोनाड्यातल्या तेलाच्या बाटलीकडे पाहिले. म्हणाली, "बुधवारपासून डोक्याला तेल लावून जायचे. एरवी बाटलीला हातही लावत नसत. मी चिडवलं, म्हातारपणी कोणाला दाखवायला? तर हसले नुसते."

उपवास कराल तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, माणसांना कळू देऊ नका, ही प्रभूची आज्ञा ते दरवर्षी याच आठवड्यात शिकवत. आत्या पहिल्या बाकावर बसून ती ऐकत असे.

"आणि गोळी?" तिने विचारले.

"एकच दिलीस. रिकाम्या पोटी एकही जास्त होते."

"म्हणजे माझ्याच हातून."

नाही म्हणणे सोपे होते. तिने ते मागितले नव्हते.

"तुझ्या हातून, पण चुकून नाही," मी म्हणाले. तिने मान हलवली आणि ओट्यावरचा डबा उचलून पुन्हा घासायला घेतला.

कारण असे होते. केशव अमोलिक बुधवारी आणि गुरुवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उपाशी राहिले, शुक्रवारीही सकाळपासून काही खाल्ले नाही. शब्द दिल्याप्रमाणे त्यांनी गोळी चुकवली नाही. आज्ञेप्रमाणे उपवास पत्नीपासूनही लपवला. थकलेल्या मूत्रपिंडांमुळे औषध शरीरात साचत गेले, साखर उतरली आणि गुडघे टेकलेले असतानाच त्यांची शुद्ध हरपली. ग्लुकोज देण्याइतका वेळ होता. ते प्रार्थनेत आहेत असे समजून कोणी हात लावला नाही.